तीनशेपर्यंत

४ फेब्रुवारी

खारू,

हे पत्र कामाचं आहे. आधीच सांगते, म्हणजे पाकीट बघून तुझा जीव वरखाली व्हायला नको. कुणी गेलेलं नाही. जायला आता या घरात माझ्याशिवाय कुणी उरलंही नाही.

पत्ता सहा वर्षांपूर्वीच्या कार्डावरचा घातलाय. तू अजून तिथे राहतोस की नाही, देव जाणे. पत्र परत आलं तर समजेन काय समजायचं ते.

विचारायचं ते असं. शिपाई रांगेत ताठ उभे असतात तेव्हा त्यांचे हात नेमके कुठे असतात? मुठी मिटलेल्या की उघड्या? मला नुसतं अंगाला चिकटलेलं काहीतरी दिसतं, आणि ‘हात अंगाला चिकटवून’ असं म्हटलं की थंडीनं कुडकुडणारी पोरं डोळ्यांसमोर येतात. ते तसे उभे नाहीत.

ताईचं डोकं फिरलं असं वाटेल तुला. ऐक. शाळा बंद पडली आणि मी घरी बसले, त्यानंतर हे काम मिळालं. आंधळ्या माणसांसाठी मी सिनेमाचं वर्णन करते. पडद्यावर कुणी बोलत नसतं त्या मधल्या जागांमध्ये काय दिसतंय ते सांगायचं. ‘ती दार उघडते. टेबलावर दोन कप.’ असं. मी काचेच्या खोलीत, समोर छोटा पडदा, बाहेर मशीनवाला. पंचवीस वर्षं वर्गावर ओरडून कमावलेला आवाज शेवटी कुठेतरी कामी आला.

नियम एकच, पण जाचक आहे. दिसेल तेच सांगायचं. ‘तो दुष्टपणे हसतो’ म्हणायचं नाही. ‘तो हसतो, खालचे दात दिसतात’ म्हणायचं. दुष्ट की कसा ते ऐकणारा ठरवेल. मी पहिले सहा महिने सारखी बोलणी खाल्ली. मला माणूस दिसायच्या आधी त्याचा स्वभाव दिसतो, हा जुना रोग.

तर आता एक लढाईचा सिनेमा माझ्या गळ्यात पडलाय. लढाईचे मी घेत नाही हे ऑफिसच्या चहावाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. भुतांचे द्या, खुनाचे द्या, रडारडीचे द्या, लढाई नको. पण दुसरी वाचणारी बाळंतपणाला गेली आणि आमच्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, ‘नसेल बघायचा तर बघू नका, नुसता वाचा.’ न बघता सांगणार काय, कपाळ? मी दोन दिवस तोंड फुगवून बसले आणि मग हो म्हटलं. मला का नको होता ते तुला कळेल. नाही कळलं तर राहू दे.

उत्तर एका ओळीचं चालेल. हातांचं तेवढं सांग. तू तिथे आहेस हेही त्यातच कळेल, म्हणजे दोन्ही कामं होतील. खरं काम दुसरंच आहे, हे लिहून टाकते. खोटं बोलायचा आता कंटाळा येतो.

ताई


१९ फेब्रुवारी

खारू,

पत्र परत आलं नाही आणि उत्तरही नाही. म्हणजे एक तर तू तिथे आहेस आणि तुला बोलायचं नाही, किंवा तिथे दुसरंच कुणी राहतं आणि लोकांची पत्रं फोडून वाचतंय. तसं असेल तर त्यांना नमस्कार. सुरुवात चुकली असेल म्हणून सांगते: मी थोरली, तो धाकटा. लहानपणी गालात शेंगदाणे साठवायचा म्हणून खारू. लढाईवरून घरी आला, माझ्या आणि आप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, सोबत सात महिने राहिला, आणि सहा वर्षांपूर्वी मी त्याला घराबाहेर काढलं. का, ते पुढे येईल.

सिनेमाचा पहिला तास नुसतं शिकवणं आहे. पन्नास पोरं. पहिल्याच दिवशी त्यांची नावं काढून घेतात आणि नंबर देतात. कॅमेरा ज्याच्या मागे फिरतो तो सत्तावीस. मलाही त्याला सत्तावीसच म्हणायचं, कारण त्याचं नाव पडद्यावर कुणी घेतच नाही. मला ते फार खटकलं. बाईंकडे जाऊन भांडले, की आईनं काही नाव ठेवलं असेल ना त्याचं. तिसऱ्या दिवशी चहा पिताना मशीनवाल्यानं विचारलं, ‘तो रडणारा कोण हो ताई?’ आणि मी म्हटलं, ‘तो ना, एकेचाळीस.’ सहज. तीन दिवस लागले मला, आणि मला कुणी मारलंही नव्हतं, उपाशीही ठेवलं नव्हतं.

तेव्हा तुझं ते आठवलं. तू आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आप्पांनी जेवताना विचारलं होतं, तिकडे दिवसभर काय करायचात. तू पेल्यात पाणी ओतत म्हणालास, ‘काही नाही. शेवटच्या दिवशी अकरा नग उचलले.’ आप्पांना वाटलं पेट्या. जन्मभर औषधाच्या दुकानात कंपाउंडर म्हणून घालवलेला माणूस, त्यांना नग म्हणजे खोकीच. म्हणाले, ‘कसले रे?’ तू म्हणालास, ‘माणसं.’ आणि पाणी प्यायलास. एका दमात, पूर्ण पेला.

त्या दिवसापासून मी तुझ्याकडे सरळ बघणं सोडलं. तुझ्या लक्षात आलं असेल. जेवायला वाढताना बोलायचे, पण ताटाशी बोलायचे.

आता सिनेमातला तो भाग. आवारात एक पोरगा ओझ्यासकट पडतो. बाकीचे उचलायला धावतात. त्यांचा उस्ताद शिट्टी वाजवतो. साधा माणूस आहे दिसायला, आवाजही चढवत नाही. म्हणतो, पडलेल्याला हात लावायचा नाही. जागेवर उभं राहायचं आणि मोजायचं, तीनशेपर्यंत. मधे कुणी हललं की पुन्हा एकपासून. पडलेला हलला तरी पुन्हा एकपासून. तोवर तो तिथेच, उन्हात. म्हणजे ज्याला दया येईल तोच त्याचा छळ वाढवणार. पहिल्या दिवशी मोजणी सात वेळा एकवर येते. महिनाभरानं एकदाच होते, सरळ तीनशे, आणि कुणाची पापणी हलत नाही.

मी हे एका दमात वाचलं. आवाज कुठेही हलला नाही. मशीनवाला म्हणाला, ‘एक नंबर, ताई.’ घरी आले, बाथरूमपाशी हात धुवायला गेले आणि आत न जाता परत फिरले. स्वयंपाकघरात धुतले. का ते आज लिहीत नाही.

ताई


६ मार्च

खारू,

तुझं कार्ड आलं. ‘पँटच्या शिवणीवर. मूठ मिटलेली, अंगठा पुढे.’ एवढंच, खाली नावसुद्धा नाही. पण अक्षर तेच, उजवीकडे वर वर चढत जाणारं. आप्पा म्हणायचे, याचं अक्षर रोज टेकडी चढतं.

मी दाराशी उभ्याउभ्या ते वाचलं आणि मग खाली बसून परत वाचलं. कार्ड पर्समध्ये घालून कामावर नेलं आणि कारण नसताना मशीनवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, ‘कोण हे?’ मी म्हटलं, ‘जाणकार आहेत.’ वर्णनात तुझं वाक्य घातलंय, शब्दाला शब्द. आता ते किती माणसांच्या कानात जाईल कुणास ठाऊक.

पुढचं सांगते. न सांगून चालणार नाही.

आमचं काम झालं की एक काका येऊन ते तपासतात. जन्मापासून आंधळे, टेलिफोन ऑफिसात चाळीस वर्षं काढलेली. येतात, बूट काढतात, खुर्चीवर मांडी घालतात आणि म्हणतात, ‘चला, दाखवा.’ ऐकवा नाही म्हणायचे. त्यांच्यापुढे भल्याभल्यांची भंबेरी उडते.

सिनेमाच्या शेवटाकडे एक जागा आहे. शिपायांनी एक गाव घेतलंय. एका घराच्या अंगणात एक म्हातारा पडलाय, पाय मोडलाय त्याचा. तो हातांवर सरकत दाराकडे जायला बघतोय. शिपाई भिंतीला टेकून डबे फोडून खातायत. एक जण पैज लावतो, पायरीपर्यंत पोहोचेल की नाही. दुसरा हसतो. सत्तावीस त्यांच्यापासून जरा लांब, ताठ उभा आहे. हे सगळं मी वाचलं होतं. मला वाटत होतं चांगलं वाचलंय.

काकांनी हात वर केला. मशीन थांबलं.

‘ही भिंत काय आहे?’

‘कुठली?’

‘तू सांगतेस ती. पोपडे उडालेली भिंत, भिंतीत खिळा, खिळ्याला दोरी. अकरा सेकंद नुसती भिंत. अगं, इथे संगीत थांबलंय, कुणी बोलत नाहीये, आणि कुणाचा तरी श्वास माझ्या कानात शिरतोय. सिनेमावाला एवढा खर्च करून खिळा दाखवेल? तो चेहरा दाखवतोय. कुणाचा?’

मी म्हटलं, ‘सत्तावीसचा.’

‘मग भिंतीचं काय सांगतेस बाई, माणसाचं सांग. मला दिसत नाही. तुला काय झालंय?’

त्या चेहऱ्यामागे थोडीशी भिंत आहे, आणि मी चार वेळा तो प्रसंग बघून चारही वेळा तेवढीच भिंत बघितली होती. खिळा पाठ झाला होता मला. चेहरा नाही.

मशीनवाल्यानं परत लावलं. मी त्या पोराकडे बघितलं. अकरा सेकंद फार मोठे असतात. सांगायचं म्हणून मी सांगायला लागले: डोळे उघडे आहेत. पापणी हलत नाही. गालावरून घाम उतरतो, तो पुसत नाही. आणि मग मला जे दिसलं ते मी आधी चारही वेळा पाहिलं नव्हतं. त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, नुसते ओठ. तो मोजत होता.

मी माइकमध्ये म्हटलं, ‘खारूचे ओठ हलतात.’

मशीनवाल्यानं काचेतून बघितलं. माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. काकांनी बूट चाचपले, पायात घातले. म्हणाले, ‘आज पुरे. जागा आता बरोबर भरली आहे. नाव तेवढं उद्या बदल.’ दाराशी जाऊन थांबले आणि म्हणाले, ‘हा जो कोण असेल त्याला आधी कळव.’

दुसऱ्या दिवशी मी बदललं. सत्तावीसचे ओठ हलतात. सहा वेळा घ्यावं लागलं.

ताई


८ मार्च

खारू,

परवाचं पत्र टाकलं आणि वाटलं, झालं, मोकळी झाले. कसली मोकळी. त्यात मी खरं लिहिलं, पण अर्धंच. मी तुझ्याकडे बघितलं नाही हे कबूल करायला फार काही लागत नाही. यापेक्षा वाईट आहे ते आज लिहिते. वाचून तू पत्र फाडलंस तर मी काही म्हणणार नाही.

आप्पा बाथरूममध्ये पडले त्याच संध्याकाळी, हॉस्पिटलात, त्यांना शुद्ध होती. खुब्याचं हाड मोडलेलं, औषधानं जीभ जड झालेली, पण शुद्ध होती. मी त्यांच्या उशाशी बसून तुझ्या नावानं बोटं मोडत होते. पोटचा मुलगा, बाप फरशीवर पडलेला, आणि हा दारात उभा, खांबासारखा. आप्पांनी माझा हात धरला आणि म्हणाले, ‘ओरडू नकोस. तो मोजत होता.’

मी म्हटलं, ‘काय मोजत होता?’

म्हणाले, ‘ते मला नाही कळलं. पण मी हललो की तो परत एकपासून सुरू करायचा. रडवेला व्हायचा अगदी. दोनदा झालं तसं. मग मी हललोच नाही. म्हटलं, होऊ दे त्याचं पुरं. दोनशे ऐंशीच्या वर गेला होता. तू अर्धं मिनिट उशिरा आली असतीस ना, तर...’

तर काय ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मी नर्सला म्हटलं, हे बरळतायत, डॉक्टरांना बोलवा.

ते बरळत नव्हते, खारू. जन्मभर दुसऱ्यांच्या गोळ्या मोजून दिलेला माणूस, त्यांच्या मोजण्यात चूक व्हायची नाही. मोडलेल्या हाडानं थंड फरशीवर पडून ते तुझ्यासाठी हलायचे थांबले होते. कशासाठी ते ठाऊक नसताना. मला तेवढं कळायला एक सिनेमा लागला, आणि तोही मी नको नको म्हणत बघितलेला.

आणि मी घरी येऊन तुला काय म्हटलं ते तुला पाठ असेल. तू माणूस राहिला नाहीस. चालता हो. खांद्याला पिशवी लावलीस आणि गेलास. तेव्हा आप्पांचं वाक्य माझ्या कानात होतं. दोन तासांपूर्वी ऐकलेलं. ते माझ्या रागाच्या आड येत होतं म्हणून मी ते बाजूला सारलं. समजलं नव्हतं हे खरं, पण ऐकलं नव्हतं असं नाही.

अजून आहे. महिन्यानं तुझं कार्ड आलं. ‘आप्पा कसे आहेत?’ आणि हा पत्ता. ते मी बटणांच्या डब्यात ठेवलं. आप्पा अंथरुणावर चार महिने होते. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी विचारायचे, त्याचं काही कळलं का गं. मी म्हणायचे, नाही. डबा त्यांच्या खाटेपासून चार पावलांवर होता. मी त्यातून बटणं काढून त्यांच्या सदऱ्याला लावायचे, कार्ड बाजूला करून.

ते गेल्यावर तुला दोन ओळी पाठवल्या. ‘आप्पा गेले. सगळं उरकलं आहे, येण्याची गरज नाही.’ गरज नाही असं लिहिलं मी, तार केल्यासारखं. त्यांना शेवटी तू हवा होतास आणि मी तुला येऊ दिलं नाही. माणूस राहिला नाहीस हे कुणी कुणाला म्हणायचं होतं ते तूच बघ.

ताई


२१ मार्च

खारू,

दोन आठवडे झाले, तुझं काही आलेलं नाही. रोज पोस्टमनच्या वेळेला मी उगीचच जिना झाडत असते. खालच्या मजल्यावरची म्हणाली, ‘किती चकचकीत करणार, घसरून पडेल कुणीतरी.’ मी झाडू ठेवून दिला.

सिनेमाचं काम संपलं. शेवटी सत्तावीस घरी जातो की नाही हे सिनेमात सांगितलेलं नाही. काका म्हणाले, ‘मधेच सोडलं लेकानं.’ मी घरी येऊन टेबलाशी बसले आणि त्या दिवसाचं वर्णन लिहिलं, नियम पाळून. दिसलं तेवढंच. सहा वर्षं मी हा दिवस स्वतःला सांगतेय, पण प्रत्येक वेळी आधी स्वभाव आणि मग माणूस. एकदा सरळ करून बघावं म्हटलं. ते खाली देते.

दुपार. जिन्याचं दार. बहीण कुलूप उघडते. हातात वह्यांचा गठ्ठा. आत नळ वाहतोय.

ती पॅसेजमधून चालते. बाथरूमचं दार सताड उघडं. फरशीवर म्हातारा माणूस कुशीवर पडलाय, एक पाय वेडावाकडा. डोळे उघडे. तो दाराकडे बघतोय. तो हलत नाही. त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसत नाही.

दारात त्याचा मुलगा. ताठ. डावा हात पँटच्या शिवणीवर, मूठ मिटलेली, अंगठा पुढे. उजव्या हातानं त्यानं चौकट धरली आहे, खांद्याच्या उंचीला. बोटं पांढरी पडली आहेत. शर्ट पाठीला चिकटलाय. गाल ओले. त्याचे ओठ हलतात.

बहीण ओरडते. वह्या पडतात. ओठ थांबतात.

ती त्याला ढकलून आत जाते. त्याच्याकडे बघत नाही.

पुढे रात्र. तेच बाथरूम. मुलगा पिशवी घेऊन गेलाय. बहीण गुडघ्यांवर बसून फरशी पुसते. मग उठते आणि चौकट पुसते. चौकटीच्या लाकडावर खांद्याच्या उंचीला रक्ताचे चार ओघळ आहेत. वाळलेले. ती ओल्या फडक्यानं ते घासून काढते.

इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. आप्पांच्या अंगाला कुठेही खरचटलेलं नव्हतं. आत हाड मोडलं होतं, बाहेर काही नाही. आणि ते जमिनीवर होते. ते रक्त खांद्याच्या उंचीला होतं. त्या लाकडात तू नखं रुतवून उभा होतास, खारू. तुझं अंग पुढे जायला बघत होतं आणि तू ते धरून ठेवलं होतंस, कारण तुला पक्कं ठाऊक होतं की तू हललास तर आप्पांना आणखी पडून राहावं लागेल. तू त्यांना वाचवत होतास. जे तुला शिकवलं होतं त्यात वाचवायचं तेवढंच होतं. मी ते रक्त पाहिलं होतं. घासून काढलं होतं या हातांनी. कुणाचं, हे माझ्या मनातही आलं नाही. मी आज जाऊन पाहिलं. लाकडात अजून चार खुणा आहेत, बारीक. माझं बोट बसतं त्यात. मी तिथे बसून खूप रडले.

तू तिकडे काय काय केलंस ते मला माहीत नाही. ते अकरा कोण होते आणि तुमच्यातलं कोण हसत होतं, तेही नाही. सिनेमा बघून तू एकदम साधुसंत झालास असंही नाही. मला भीती वाटते अजून. पण या वेळी मी बघेन. तू सांगशील ते ऐकेन, आणि ताटाशी नाही, तुझ्याशी बोलेन. सांगायचं नसेल तर नको सांगूस.

सोबत बटणांच्या डब्यातलं तुझं ते कार्ड पाठवते आहे. त्याच्या मागे उत्तर लिहिलंय, सहा वर्षं उशिरा. आप्पा कसे आहेत, तर आप्पा तुझी वाट बघत आहेत.

घर तेच आहे, दुसरा मजला. बेल बिघडलेली आहे, पण ती वाजवायची नाहीच. सोमवार सोडून मी चारनंतर घरी असते, आणि आतापासून दार नुसतं लोटलेलं असेल, कडी नसेल. मी आत बसलेली असेन, समोरच्या खुर्चीत, तुला दिसेन अशी. आलास आणि दारात पाय थबकले, तर घाबरू नकोस, थांब तिथेच. मोज. मी हाक मारणार नाही, उठणार नाही, वाटेल ते झालं तरी हलणार नाही. या वेळी तुला कुणी परत एकवर नेणार नाही.

तीनशे झाले की आत ये.

ताई